विषयपत्रिकेत शिकवणंही असावं

आमच्या जिल्ह्यातल्या व्यवसाय शिक्षकांच्या संघटनेची निवडणूक तोंडावर आली आहे आणि सरचिटणीसपदासाठी मी नामनिर्देशनपत्र भरलं आहे. सूचक आणि अनुमोदक म्हणून ज्यांनी सह्या केल्या, त्या दोघांनीही पेन हातात घेतल्यावर एकच गोष्ट विचारली, "मॅडम, तुम्हाला हे कशाला हवंय?" विचारण्यात आपुलकी होती. सकाळी निगडीहून निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत माझा दिवस कसा जातो, हे दोघांना ठाऊक आहे. तेव्हा मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. नीट उत्तर द्यायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल, म्हणून हे लिहायला बसले.

मी आयटीआयमध्ये जोडारी शिकवते. जोडारी म्हणजे फिटर. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, एका तुकडीत वीस जण. पहिल्या वर्षी कानस, हॅक्सॉ, ड्रिल, टॅप, थोडं पत्राकाम, थोडं वेल्डिंग. दुसऱ्या वर्षी जोडकाम, पाइप फिटिंग, हायड्रॉलिक्स आणि न्यूमॅटिक्स (तेलाच्या आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणा), यंत्रांची देखभाल. माझे बाबा भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. कटिंग ऑइलचा वास हा आमच्या घराचाच वास होता. बाबांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलं, म्हणजे शेजारी उभं राहू दिलं. सुरुवातीचे कितीतरी महिने त्यांनी फक्त चिप्स झाडल्या आणि टूलला धार लावली. उस्ताद मनात आलं तर बोलायचे, नाहीतर नाही. बाबांना काम फार सुरेख यायचं, पण ते कसं येतं हे त्यांना कधी सांगता आलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "हाताला कळतं गं."

हाताला कळलेलं तोंडाने सांगता येणं हाच माझा पेशा. १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि त्यातून देशभर आयटीआय उभ्या राहिल्या. बाप काय करतो हे न विचारता कोणाच्याही मुलाच्या हातात हत्यार द्यायचं आणि ते कसं धरायचं हे सांगायला पगारी माणूस ठेवायचा, ही साधी वाटणारी गोष्ट किती मोठी आहे, हे मला बाबांकडे पाहून कळलं. आपल्याकडे हस्तकौशल्य घरातच राहायचं. कसब्यातल्या तांबट आळीत आजही तांब्यावर ठोके पडताना ऐकू येतात. त्वष्टा कासारांचं ते मठाराचं काम बापाकडून मुलाकडे गेलं, पिढ्यान् पिढ्या टिकलं. घराण्याला स्वतःची आठवण असते. आजोबांनी काय केलं होतं, कोणत्या हातोडीने केलं होतं, हे नातवाला विचारावं लागत नाही, ते त्याच्या कानावर पडलेलं असतं.

आयटीआयच्या निदेशकाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, असं घराणं नाही. तीस वर्षं शिकवून एखादे सर निवृत्त होतात. सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं. मुलाची कानस झुलते म्हणजे नेमकं काय होतं, कोणत्या मुलाला आधी पाय नीट ठेवायला सांगायचं आणि कोणाला खांदा सैल सोडायला, हे सगळं त्यांच्याबरोबर घरी जातं. त्यांच्या जागी बदलून आलेला नवा निदेशक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ही गळती मला फार वर्षं सलते आहे, आणि ती थांबवायची जागा माझ्या मते संघटना ही आहे.

एक उदाहरण सांगते. ते नीट सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पोचणार नाही.

कानसकाम करताना व्हाइसचा, म्हणजे बेंचवर काम घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंजाचा, जबडा उभ्या राहणाऱ्याच्या कोपराच्या पातळीला यावा लागतो. हे पहिल्या पाठात येतं, सगळ्यांना पाठ असतं. कोपर खाली आणि व्हाइस वर असेल, तर कानस पुढे ढकलताना तिची मूठ खाली दबते आणि टोक उचललं जातं. हात आडवा, सरळ रेषेत जात नाही, झुलतो. मग पट्टीचा पृष्ठभाग मध्ये उंच आणि कडांना उतरता होतो. गुण्या लावून उजेडासमोर धरलं की कडांखालून प्रकाश दिसतो. पोर पुन्हा घासतं, पुन्हा तेच. पट्टी मापाखाली जाते, जॉब, म्हणजे सरावाची वस्तू, वाया जातो. आमच्याकडचे बेंच सगळे एका उंचीचे, मध्यम उंचीच्या पुरुषाला धरून बनवलेले. फिटरला मुली येऊ लागल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणींना व्हाइस उंच पडायला लागला. मुलांमध्येही दहावी झालेली, अजून वाढ बाकी असलेली बुटकी पोरं असतातच. त्यांना आपण 'हात बसला नाही' म्हणतो आणि पुढे जातो.

मी पायाखाली लाकडी फळ्या टाकून पाहिल्या. त्या हलायच्या, आणि पाय हलला की कानस हललीच. अंदाजपत्रकात वेगळ्या उंचीचे बेंच मागितले, त्याला अर्थातच वेळ लागणार होता. मग एका परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून इंदापूरच्या बाजूचे एक वयस्कर सर आले होते. चहा पिताना विषय निघाला. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे याचे जॉबच केलेत पोरांनी." त्यांनी काय केलं होतं, तर अँगलची चौकट आणि वर चेकर्ड प्लेट, असे चार इंची आणि सहा इंची दोन उंचींचे चौरंग. अँगल कापायचं आणि कडा घासून काटकोनात आणायचं काम फिटरच्या मुलांचं, जोडायचं काम संधात्याच्या, म्हणजे वेल्डरच्या, मुलांचं. चार पायांना खाली रबर. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला व्हाइससमोर उभं करून कोपर बघायचा आणि लागेल तो चौरंग द्यायचा. साहित्याचा खर्च सरावाच्या कच्च्या मालातच बसला होता. मुलांनी केलेली वस्तू मुलांच्याच पायाखाली राहिली, त्यामुळे ती नीट बसली आहे की नाही याची त्यांना काळजी होती.

सरांकडे हे कितीतरी वर्षं चालू होतं. आमच्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. आम्ही दोघंही एकाच संघटनेचे सभासद, एकाच वार्षिक सभेला एकाच हॉलमध्ये बसणारे. तरी हे मला कळलं ते परीक्षेची ड्यूटी योगायोगाने त्यांना लागली म्हणून.

त्या रात्री घरी आल्यावर मी संघटनेची जुनी इतिवृत्तं काढून वाचत बसले. पदोन्नती, बदल्या, वेतनत्रुटी, जुनी पेन्शन, तासिका तत्त्वावरच्या निदेशकांचं मानधन, वर्गणी, दिनदर्शिका, गुणवंत पाल्यांचा सत्कार. यातला एकही विषय फालतू नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या निदेशकाला वेळेवर मानधन मिळालं नाही, तर त्याला कोपराची पातळी सांगायला मी कोणत्या तोंडाने जाऊ? जुन्या पदाधिकाऱ्यांनी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, स्वतःच्या खिशातून एसटीची तिकिटं काढली, कोर्टाच्या तारखा सांभाळल्या. आज आम्हाला जे मिळतं त्यातलं बरंच त्यांच्यामुळे मिळतं. मात्र आम्ही दिवसभर जे करतो, ज्यासाठी आम्हाला नेमलं आहे, ते शिकवणं त्या इतिवृत्तांत कुठेच नव्हतं. शिक्षकांच्या संघटनेत शिकवण्यावर ठराव नाही, चर्चा नाही, एक ओळही नाही.

जोतीराव फुल्यांची आठवण इथे येते ती मी पुण्यात राहते म्हणून नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, ते मी अलीकडे पुन्हा वाचलं. प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण आणि त्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीतीचे धडे असावेत, असं ते म्हणतात. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवावेत, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरायला न लाजणारे असावेत, असंही म्हणतात. आणि त्याच निवेदनात त्या शिक्षकाचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा, हेही मांडतात. काय शिकवायचं, कोणी शिकवायचं आणि त्याचं पोट कसं भरायचं, ही तिन्ही बोलणी एकाच कागदावर आहेत. एकाला पुढारीपण आणि दुसऱ्याला शिक्षणशास्त्र अशी वाटणी त्यांनी केली नाही. आमच्या इतिवृत्तात मला हेच हवं आहे.

आता सरचिटणीसपदच का, अध्यक्षपद का नको, असंही काहींनी विचारलं. अध्यक्षांचा मान मोठा, व्यासपीठावर त्यांचं भाषण शेवटी. पण सभेची विषयपत्रिका काढतो सरचिटणीस. इतिवृत्त लिहितो तो. पत्रव्यवहार त्याच्या सहीने जातो, जिल्ह्यातल्या कुठल्या संस्थेत कोण काय शिकवतं याची यादी त्याच्याकडे असते. सभेत काय बोललं जाणार हे बऱ्याच अंशी सभा सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असतं, आणि ते त्या एका पानावर ठरतं. मला ते पान हवं आहे.

हे असं उघडपणे 'हवं आहे' म्हणणं आमच्याकडे फारसं रुचत नाही. रीत अशी, की माणसाने नको नको म्हणावं, चार जणांनी आग्रह करावा, मग सर्वांच्या इच्छेला मान देऊन पद स्वीकारावं. निवडणूक बिनविरोध झाली की ती चांगली झाली असं मानतात. मी अर्ज भरणार हे कळल्यावर एका ज्येष्ठांनी फोन केला. माझ्याविषयी त्यांना खरंच माया आहे. म्हणाले, "बाई, कशाला मतदानाच्या भानगडीत पडता? महिला प्रतिनिधीची जागा आहे, तुमचं नाव बिनविरोध घालून देतो." मी म्हटलं, "सर, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही, पण महिला प्रतिनिधीला विषयपत्रिका काढता येते का?" ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाही काढता येत. भर मग अर्ज." मला 'बाई' म्हणणारे सर त्या एका वाक्यात 'तू'वर आले, तेव्हा मला बरं वाटलं. माझ्या बाबांच्या वयाचे आहेत.

मत मागणं म्हणजे आपण काय करणार हे आधी सांगणं आणि नंतर कोणी विचारलं तर उत्तर देणं. बिनविरोध आलेल्याला कोणी काही विचारत नाही, कारण त्याने काही सांगितलेलंच नसतं. अमेरिकेत आमच्यासारख्या शिक्षकांची एक जुनी संघटना आहे, असोसिएशन फॉर करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने तिथे व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला आणि १९२६ पासून ही संघटना आहे. शेती शिकवणारे, आरोग्यसेवेचं शिकवणारे, वर्कशॉपवाले, वाणिज्यवाले असे सगळे तिच्या एका छपराखाली आहेत. त्यांचा देश वेगळा, पैसा वेगळा, त्यांच्यासारखं सगळं करा असं मी म्हणणार नाही. पण शिवणकाम शिकवणारी आणि मोटारगाडी शिकवणारा एकाच संघटनेत बसून शिकवण्याबद्दल बोलू शकतात, एवढं त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही. आमच्याकडे जोडारी कातार्‍याशी, म्हणजे टर्नरशी, बोलतो. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन) एकत्र बसतात. शिवणकामाच्या मॅडमना कोणी काही विचारत नाही. वास्तविक हाताची ठेवण, नजर, माप आणि धीर यांबद्दल त्यांच्याकडे जे आहे ते आमच्याकडे नाही. आमच्या शिवणकामाच्या मॅडम नव्या मुलीला पहिले काही दिवस दोरा न घालता कागदावर मशीन चालवायला लावतात. सुईच्या छिद्रांची रेघ सरळ आली की मग कापड. ही युक्ती पाहून मी माझ्या मुलांना हॅक्सॉसाठी आखलेल्या रेघेवर आधी रिकामे हात फिरवायला लावते.

आमच्या कामाची रचनाच अशी आहे की आम्ही एकमेकांशी बोललो नाही तर मधल्या मध्ये अडकतो. अभ्यासक्रम दिल्लीच्या प्रशिक्षण महानिदेशालयाकडून येतो, पुस्तकं चेन्नईच्या संस्थेत तयार होतात, राज्याचं संचालनालय मुंबईत, रोजचा कारभार १९५६ पासून राज्याकडे. मुलगा येतो राजगुरुनगरच्या पलीकडच्या वाडीवरून, आणि त्याला घेणारा कारखाना चाकणला किंवा रांजणगावला. हे सगळं जिथे एकत्र येतं ती जागा म्हणजे वर्कशॉपमधला निदेशक. २०१३ साली वार्षिक पद्धत जाऊन सत्र पद्धत आली, २०१८ साली सत्र जाऊन पुन्हा वार्षिक आली. दोन्ही वेळा आम्हीच पाठांची मांडणी बदलली, प्रत्येकाने आपापल्या वर्कशॉपमध्ये, एकट्याने. तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या जोडारी निदेशकांनी एक शनिवार एकत्र बसून मांडणी केली असती, तर किती जणांच्या किती रात्री वाचल्या असत्या.

आणि आता तर बोलायची वेळ फारच जवळ आली आहे. केंद्राने २०२५ मध्ये साठ हजार कोटींची योजना मंजूर केली, पीएम-सेतू. एक हजार शासकीय आयटीआय सुधारायच्या, त्यांतल्या दोनशे मुख्य आणि आठशे त्यांना जोडलेल्या, कारभारात उद्योगांचा पुढाकार. पन्नास हजार निदेशकांना प्रशिक्षण द्यायचं, असंही त्यात आहे. मला या योजनेचा आनंद आहे. उद्योग वर्कशॉपमध्ये यायलाच हवेत. २००७-०८ साली सुरू झालेल्या योजनेतही उद्योगांच्या भागीदारीतून १,३९६ आयटीआय सुधारायच्या होत्या, त्यासाठी प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज होतं आणि उद्योजकांच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समित्या झाल्या होत्या. पैशाने यंत्रं आली, ती काही ठिकाणी उत्तम वापरली गेली, काही ठिकाणी डेडस्टॉकमध्ये चढली आणि तिथेच राहिली. फरक बहुतेक वेळा एवढाच होता, की यंत्र निवडताना ते शिकवणाऱ्याला कोणी विचारलं होतं का.

उद्योजकाला काय लागतं हे त्याला कळतं. दहावी झालेल्या, कधी मायक्रोमीटर न पाहिलेल्या पोराचा हात सहा महिन्यांत कुठपर्यंत येतो, कोणत्या आठवड्यात तो कंटाळतो आणि तेव्हा त्याच्या हातात कोणता जॉब द्यायचा, हे आम्हाला कळतं. त्या टेबलाशी दोन्ही हवं. पण आमच्याकडचं ज्ञान जर प्रत्येकाच्या डोक्यात वेगवेगळं पडून असेल, कागदावर आलंच नसेल, तर टेबलाशी बसणारा आमचा प्रतिनिधी तिथे जाऊन काय मांडणार? त्याच्या हातात बदल्यांची यादी असेल, आणि ते लोक म्हणतील की हा विषय या सभेचा नाही.

प्रचारासाठी म्हणून मी भोर, जुन्नर, दौंड, बारामती असं सुट्टीच्या दिवशी फिरले, जिथे जमलं नाही तिथे फोन केले. मत देईन न देईन यापेक्षा लोक भलतंच बोलायला लागले, आणि त्याचा मला फार आनंद झाला. जुन्नरच्या बाजूचा एक तरुण निदेशक, तासिका तत्त्वावर आहे. म्हणाला, "ताई, न्यूमॅटिक्सचं किट आलंय, पण खोक्यातच आहे. उघडलं आणि काही तुटलं तर भरपाई माझ्या मानधनातून जाईल अशी भीती वाटते." मुलं त्या विषयाची परीक्षा देतात, चित्रावरून. मी त्याला विचारलं की तुला ते चालवता येतं का. म्हणाला, "कंपनीत अप्रेंटिस असताना दोन सिलिंडर आणि व्हॉल्व्हचं सर्किट जोडलंय मी, येतं." ज्याला येतं त्याला भीती आहे आणि मुलांना ते मिळत नाही. हा नोकरीचा प्रश्न आहे की शिकवण्याचा? मला तरी तो वेगळा काढता येत नाही. त्याच्या नेमणुकीच्या अटींबद्दल संघटनेने भांडायचं, आणि त्याच वेळी कोणी जाणता निदेशक त्याच्याबरोबर उभा राहून ते खोकं उघडेल असं पाहायचं.

दौंडला एका मॅडमनी अप्रेंटिसशिपचा विषय काढला. कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. मॅडमचं म्हणणं, मुलं तिकडे जातात आणि तिथे काय शिकली हे आमच्यापर्यंत परत येतच नाही. कारखान्यात कोणत्या गोष्टीवर ती अडली, हे कळलं तर पुढच्या तुकडीला आपण आधीच तयार करू. किती सोपी, किती उपयोगाची गोष्ट. मी ती वहीत लिहून घेतली आणि त्यांना विचारलं की हे काम तुम्ही बघाल का. त्या हो म्हणाल्या, मी निवडून आले तरच असं नाही, एरवीही.

पाबळलाही जाऊन आले. तिथे मतदार नव्हते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून. मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा त्यांचा अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांमध्ये गेला. एकाच मुलाने थोडं वेल्डिंग, थोडी शेती, थोडी वीज, थोडं घरकाम आणि आरोग्य शिकायचं आणि शिकता शिकता गावाची खरी कामं करायची. मला तिथे ओढ होती ती वेगळ्या गोष्टीची. एका माणसाने सुरू केलेलं शिक्षण त्याच्या पश्चात इतरांना चालवता यावं, इतकं ते लिहून, मांडून ठेवलेलं असणं. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू आहे. आमच्या इंदापूरच्या सरांचे चौरंग मात्र त्यांच्या निवृत्तीनंतर कोणी भंगारात घालू नयेत, अशी आज फक्त आशाच करता येते.

घरी विचाराल तर नवऱ्याने एवढंच म्हटलं की रविवारची भाजी आता तो आणेल. सासूबाईंना काळजी आहे की लोक बोलतील. "बायकांनी निवडणुकीला उभं राहिलं की चांगलं-वाईट दोन्ही ऐकावं लागतं," म्हणाल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या की चांगलं तू ऐक, वाईट माझ्याकडे पाठव. हे दोघं आहेत म्हणून मी हे करू शकते, हे इथे लिहून ठेवते.

निवडून आले तर काय करणार, तेही सांगते, म्हणजे नंतर विचारता येईल. प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेत, सेवेच्या प्रश्नांच्या बरोबरीने, एक विषय शिकवण्याचा असेल, आणि तो शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय' यात ढकलला जाणार नाही. चहाच्या आधी येईल. ज्या संस्थेत सभा असेल तिथल्या वर्कशॉपमध्येच आपण बसू, हॉलमध्ये नाही. तिथला निदेशक त्याने सोडवलेली एखादी अडचण प्रत्यक्ष दाखवेल. तासिका तत्त्वावरच्यांना सभासदत्वाची वर्गणी निम्मी असावी असा ठराव मी मांडीन, आणि त्यांना मतदानाचा पूर्ण हक्क असावा यासाठी घटनादुरुस्तीचा प्रस्तावही. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाबरोबर, सत्कार करायच्या आधी, दोन तरुण निदेशक काही दुपारी बसतील आणि ते काय काय जाणतात हे लिहून घेतील. हे शेवटचं मला सगळ्यांत जास्त हवं आहे. यातलं किती जमेल याचा माझा अंदाज असा, की पहिली दोन कामं लगेच होतील, घटनादुरुस्तीला विरोध होईल आणि लिहून घ्यायच्या कामाला माणसं कमी पडतील.

माझ्याविरुद्ध जे उभे आहेत ते चांगले शिक्षक आहेत. त्यांनी बदल्यांच्या प्रश्नावर केलेलं काम मी जवळून पाहिलं आहे. त्यांना मत देणाऱ्यांशी माझा वाद नाही. एवढीच विनंती, की त्यांनाही विचारा, शिकवण्याबद्दल तुम्ही काय करणार? प्रश्न विचारला गेला तर तो दोघांनाही लागू होईल, आणि कोणीही निवडून आलं तरी विषयपत्रिकेत तो येईल.

मतदानाला येताना मात्र प्रत्येकाने एक काम करा. आपल्या वर्कशॉपमध्ये, वर्गात, शिवणाच्या खोलीत जी एखादी अडचण तुम्ही तुमच्या पद्धतीने सोडवली आहे, ती साध्या कागदावर लिहून आणा. चित्र काढलं तर फारच उत्तम. माप असेल तर माप लिहा, खर्च आला असेल तर खर्च. मत कोणाला देताय ते सांगू नका, कागद माझ्याकडे द्या. निकाल काहीही लागला तरी ते सगळे कागद मी टाइप करून सर्वांना पाठवणार आहे. पहिला कागद चौरंगाचा, सरांकडून मापं आली आहेत. मराठी टाइपिंग झरझर येणारं कोणी असेल, आणि एखादी दुपार देऊ शकत असेल, तर मला कळवा.